कॅम्पर घेऊन बेळगावच्या धबधब्यांवर: कुठं बघायचं, कुठं उतरायचं आणि कोणत्या क्रमानं

फोन साधारण एकाच वाक्यानं सुरू होतो. "कॅम्पर घेतलाय चार दिवसांसाठी, गोकाक आणि वज्रपोहा करतो, पोरांना पोहायला पण मिळेल." कॅम्पर म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. हा फोन मे महिन्यात आला तर गोकाकला नुसता तापलेला खडक बघायला मिळणार. जुलैत आला तर धबधबा भरपूर, पण वज्रपोह्याची वाट चिखलात गेलेली आणि बहुधा वनखात्यानं बंद केलेली. आणि पोहणं? ते या दोन्ही ठिकाणी वर्षभरात कधीच नाही.

गडबड बहुतेक वेळा क्रम उलटा लागल्यानं होते. आधी गाडी बुक होते, मग रजा टाकली जाते, मग नकाशा उघडतो, आणि पाण्याचा विचार पाण्याच्या काठावर उभं राहिल्यावर. खाली दिलेला क्रम त्याच्या बरोबर उलटा आहे.

## १. आधी महिना ठरवा

बेळगाव जिल्ह्यात दोन वेगळे प्रदेश एकमेकांना चिकटून आहेत. पश्चिमेला खानापूर तालुका, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा घाटमाथा: दाट जंगल, धो धो पाऊस. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रायबाग: उघडा माळ, काळी माती, ऊन. गोकाकला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा घाटमाथ्यावर जुलैच्या दोन-तीन आठवड्यांतही पडून जातो. धबधबे दोन्हीकडे आहेत, पण पाणी दोन्हीकडचं पश्चिमेचंच. घटप्रभा चंदगडच्या बाजूनं उतरते, मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, मार्कंडेय खानापूर तालुक्यातून निघते. म्हणून गोकाकला आभाळ निरभ्र असताना नदी फुगू शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

जूनचा मध्य ते सप्टेंबर: फक्त बघायचं. पाण्यात पाय नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही.

ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य: माझ्या मते कॅम्परसाठी हाच काळ. धबधब्यांना पाणी असतं, प्रवाह बसत चाललेला असतो, ऑक्टोबर हीटमुळे पाण्याची ओढही असते. परतीच्या पावसावर मात्र डोळा हवा.

डिसेंबर ते फेब्रुवारी: धबधबे बारीक होतात, डोह स्वच्छ होतात. पोहण्याला उत्तम, पण जंगलाच्या बाजूला सकाळी पाणी चांगलंच गार असतं.

मार्च ते मे: पूर्वेला पारा चाळिशीकडे सरकतो, गोकाकचा कडा उघडा पडतो. पश्चिमेला काही डोह तग धरतात. एप्रिल-मेच्या दुपारी वळीव कोसळतो आणि कोरडा ओढा अर्ध्या तासात वाहायला लागतो. सगळ्यात फसवा काळ हाच.

> तपासा: गोकाकला निघण्याआधी हिडकल धरणातून पाणी सोडलंय का आणि धुपदाळच्या बंधाऱ्यावरून पाणी पडतंय का, हे विचारा. धबधबा या दोन्हींच्या खाली आहे. इंटरनेटवरचा फोटो कुठल्या वर्षीचा, हे कुणी सांगत नाही.

## २. दोन याद्या करा: बघायचं पाणी, उतरायचं पाणी

एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे बघायची ठिकाणं, उजवीकडे उतरायची. एकही ठिकाण दोन्ही बाजूंना येता कामा नये.

डावी बाजू. गोकाक धबधबा: घटप्रभेची ५२ मीटरची सरळ उडी, घोड्याच्या नालेसारखा कडा. तिथं लोक पडतात ते पाण्यात पोहताना नव्हे, कड्यावरच्या गुळगुळीत खडकावर फोटो काढताना. पाणी कमी असताना तो खडक बिनधोक वाटतो, आणि शेवाळ वाळून भुगा झालं की बुटाचा तळवा त्यावर साबणासारखा सरकतो. गोडचिनमलकी: मार्कंडेयवरचा दोन टप्प्यांचा धबधबा, पहिला साधारण २५ मीटर, दुसरा १८. दोन टप्प्यांमधला पसारा उथळ दिसतो, म्हणून लोक पोरांना घेऊन मधे जाऊन बसतात. वर धरण आहे, हे विसरू नका. वज्रपोहा: जांबोटीच्या पुढं गवळी आणि चापोली या गावांच्या मधे, म्हादईच्या खोऱ्यात. तो समोरच्या अंगानं, लांबूनच बघायचा. खाली उतरायच्या वाटा शोधू नका. दूधसागर तर रुळांवरून चालत जाऊन गाठायचा विचारही नको. रेल्वेनं त्याला बंदी केलेली आहे, लोकांना पकडून दंडही केला जातो.

उजवी बाजू छोटी असते. खानापूरजवळ असोग्याला मलप्रभेचा घाट आहे, देवळाशेजारी. हिवाळ्यात पायऱ्यांच्या आसपास, कमरेपर्यंतच्या पाण्यात. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच मारुतीचं देऊळ आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, पाणी उतरलं की खडकांमध्ये उथळ जागा मिळतात. दोन्ही देवाच्या जागा. साबण, शॅम्पू, बाटली, ब्लूटूथ स्पीकर गाडीतच ठेवायचे आणि अंगभर कपड्यांत उतरायचं. याखेरीज ज्या होमस्टेवर मुक्काम असेल त्यांचा ओढा, त्यांनी दाखवलेल्या जागी. मुलं लहान असतील तर मी सरळ पोहण्याचा तलाव असलेला होमस्टे निवडतो आणि धबधबा फक्त डोळ्यांनी बघतो. त्यात कमीपणा कसला?

> सावधान: चिक्कोडी, रायबाग, अथणी भागात कृष्णेत मगरी आहेत. दांडेलीला काळी नदीतही आहेत. तिथं "आज तर दिसत नाही" याला काही अर्थ नाही. शिवाय जिथं वाळूउपसा झालाय तिथं गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल दोन पुरुष खोल पडू शकतं. काठावर वाळूचे ढीग किंवा ट्रॅक्टरची चाकोरी दिसली की ती जागा यादीतून बाद.

## ३. गाडी निवडा, कागद बघा

इथं मिळणारे कॅम्पर म्हणजे बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरच्या साच्यावर बांधलेल्या गाड्या. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला त्याहून मोठी गाडी नकोच.

भाड्याची, पिवळ्या पाटीची गाडी असेल तर परवाना कुठल्या राज्यांचा आहे ते बुकिंग करतानाच विचारा. या भागात सकाळी कर्नाटक, दुपारी गोवा, संध्याकाळी महाराष्ट्र असं सहज होतं. चोर्ला उतरलात की गोवा, आंबोलीकडं वळलात की महाराष्ट्र. नाक्यावर अडकल्यावर मालकाला फोन लावून उपयोग नसतो, तोही तिकडून "बघतो" एवढंच म्हणतो. गोव्यातून येताना दारूची बाटली आणू नका. गाडी कॅम्पर असली की कपाटं उघडायला लावतातच.

स्वतःची गाडी आतून बदलून घेतली असेल तर ते बदल आरटीओकडं नोंदवलेले हवेत. नसतील तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

गाडीची उंची मीटरमध्ये मोजा, छतावरच्या सोलर पॅनेलसकट, आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांवर उंचीची आडवी कांब असते. रात्री, पावसात, मागून बस हॉर्न मारत असताना तो आकडा आठवत नाही.

## ४. पाणी, वीज, गॅस: हिशेब वहीत मांडा

निम्म्या सहली इथं फसतात, म्हणून हा भाग जरा लांबवतो.

पाणी. चार माणसांचं दिवसाचं गणित: प्यायला १६ लिटर (गरमीत माणशी चार धराच), स्वयंपाक आणि भांडी १५, हातपाय आणि संडास २०, नदीतून आल्यावर अंगावर घ्यायला माणशी पाच म्हणजे २०. झाले ७० च्या वर. शंभर लिटरची टाकी दीड दिवसही पुरत नाही. प्यायचं पाणी टाकीतून घेऊच नका. २० लिटरचे कॅन वेगळे ठेवा, खानापूर-गोकाकला सगळीकडं मिळतात.

शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. अर्धी टाकी घेऊन घाटात शिरू नका. वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी तुमच्या हाताबाहेर कलते. घाटाआधी टाकी एकतर काठोकाठ, नाहीतर जवळजवळ रिकामी. एप्रिल-मेमध्ये गावच्या नळाला पाइप लावायच्या आधी परवानगी मागा. त्या नळावर बाया घागरी घेऊन रांगेत असतात, आणि तुम्हाला शंभर लिटर हवेत ते भांडी धुवायला.

वीज. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२०० वॉट-अवर. आता खर्च: छोटा कॉम्प्रेसर फ्रिज गरमीत सरासरी ३०-३५ वॉट खातो, म्हणजे चोवीस तासांत ८०० च्या घरात. २५ वॉटचे दोन पंखे दहा तास, ५००. दिवे आणि मोबाइल, १०० ते १५०. बेरीज १,४०० च्या वर. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा एक दिवस काढत नाही, आणि एसीचं नाव अजून घेतलेलंच नाही. एसी हवा असेल तर प्लग पॉइंट असलेल्या जागीच मुक्काम.

सोलर आहे की, असं लोक म्हणतात. पण ऊन टाळायला तुम्ही गाडी झाडाखाली लावणार आणि झाडाखाली छतावरचं पॅनेल झोपणार. यावर एकच तोडगा मला सापडलाय: घडीचं सुटं पॅनेल आणि दहा मीटर वायर. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. छतावरच्या पॅनेलच्या भरवशावर गोडचिनमलकीला सगळी दुपार चिंचेखाली काढली होती. संध्याकाळी फ्रिजमधलं दूध फाटलेलं आणि रात्री पंखे बंद. ऑक्टोबरातल्या त्या रात्री आम्ही चौघं दार उघडं टाकून डासांना पाहुणचार करत बसलो.

होमस्टेच्या प्लगला जोडण्याआधी सॉकेटमध्ये घालायच्या टेस्टरनं (स्क्रूड्रायव्हरच्या नव्हे) अर्थिंग बघा. लोखंडी गाडी, ओले पाय आणि अर्थिंग नसलेला सॉकेट ही त्रयी वाईट. वायर १५ अँपिअरची, जाड हवी. गुंडाळलेली तशीच वापरू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळीत ती तापते.

गॅस. पाच किलोचा छोटा सिलिंडर चार दिवसांना भरपूर. उभाच ठेवायचा, पट्ट्यानं बांधून, आणि गाडी चालू करण्याआधी रेग्युलेटर बंद. स्वयंपाक शक्यतो बाहेर. आत करणार असाल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. कोळशाची शेगडी विझत आली तरी रात्री आत घ्यायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

## ५. पाण्यासाठीचं सामान वेगळ्या पिशवीत

ही पिशवी दाराजवळ, सगळ्यात वर.

* प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर पाण्यात पोर खाली आणि जॅकेट वर.
* पंधरा-वीस मीटर तरंगणारा दोर. घरातल्या सुती दोरीला पाणी लागलं की ती दगड होते.
* रिकामे पाच लिटरचे दोन कॅन, झाकण घट्ट. कुणी बुडत असेल तर दोराला बांधून फेकायला.
* मागे पट्टा असलेले, पकड असलेले सँडल. हवाई चप्पल नको.
* शिट्टी. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही.
* ओआरएस, क्रेप बँडेज, जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचं पाणी.

हवा भरायची रबरी ट्यूब मी नेत नाही. ती प्रवाहात पोराला घेऊन जाते आणि मागून धावणारा मोठा माणूस बुडतो.

## ६. मार्ग: आधी पूर्व, मग पश्चिम

लोक आधी जंगल गाठतात, गोकाक शेवटच्या दिवसासाठी ठेवतात. उलटं करा. गाडी नवी, हात नवा, कुठला नट ढिला आहे ते माहीत नाही. पूर्वेला रस्ते सरळ आहेत, गॅरेज आहेत, मोबाइलला रेंज आहे. काय बिघडायचं ते तिथं बिघडू द्या.

दिवस १. सकाळी सातच्या आत बेळगाव सोडा. अंकलगीमार्गे गोकाक साठ किलोमीटरच्या आसपास. धबधबा अकराच्या आत बघून घ्या, नंतर खडक भाजतो. दुपारी गाडी सावलीत आणि तुम्ही आडवे. गोकाकचं करदंट (गूळ-सुकामेव्याची मिठाई) घ्यायचं तर आत्ताच घ्या. उन्हात गाडीत ते वितळत नाही, बेळगावचा दुधाचा कुंदा मात्र आंबतो.

दिवस २. गोडचिनमलकी सकाळी, मग बेळगावला परत. टाकी, बॅटरी, डिझेल, भाजी सगळं भरून घ्या. गाडीतल्या ज्या कुरबुरी लक्षात आल्या त्या इथंच मिटवा.

दिवस ३. खानापूर, असोगा, मग जांबोटी. मुक्काम उजेडात गाठायचा.

दिवस ४. वज्रपोहा किंवा हब्बनहट्टी. दोन्ही नको. वज्रपोह्याला कॅम्पर शेवटपर्यंत जात नाही. जांबोटीला लावा, गावातली जीप किंवा वाटाड्या बघा, आणि वनखात्याकडं त्या दिवशी वाट उघडी आहे का ते विचारा.

चोर्ला उतरायचाच असेल तर ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरायचं. सारखा ब्रेकवर पाय ठेवलात तर चौथ्या-पाचव्या वळणाला जळका वास येईल. आला तर लगेच रुंद जागी थांबा, अर्धा तास. चाकावर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

> तपासा: जांबोटीच्या पुढं रेंज सुटते. नकाशा आधीच डाउनलोड करा, आणि घरी एका माणसाला "रात्री आठपर्यंत फोन नाही आला तर इथं चौकशी कर" असं ठिकाणाच्या नावासकट सांगून ठेवा.

## ७. गाडी उभी करणं

भीमगड अभयारण्यात आणि त्याच्या कडेच्या जंगलात रस्त्यालगत रात्र काढायची नाही. अस्वल, गवे, हत्ती आणि वनरक्षक, यातलं कुणीही दार ठोठावू शकतं. होमस्टे, रिसॉर्टचं आवार, ओळखीचं शेत किंवा विचारून पेट्रोल पंप एवढेच पर्याय.

नदीच्या पात्रात किंवा वाळूच्या पट्टीवर गाडी नेऊ नका, जागा कितीही सपाट आणि सुंदर असली तरी. ती सपाट कुणी केली असेल? पुरानंच की.

मातीचा रंग बघा. खानापूरकडची तांबडी माती ओली झाली की घसरते, पण खाली बहुतेक जांभा असतो, चाक कुठंतरी टेकतं. गोकाककडची काळी माती वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते आणि आत ओली असते. एकदा मी शेताच्या कडेला, अगदी रस्त्यापासून दहा पावलांवर गाडी घेतली. रात्री एक सर येऊन गेली. सकाळी मागची दोन्ही चाकं रिमपर्यंत आत. मी शहाण्यासारखा ॲक्सिलरेटर दाबत राहिलो आणि ती आणखी खाली गेली. शेतमालक ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं आधी मला खाली उतरवलं, मग टाकीचा नळ सोडून सगळं पाणी वाहू दिलं, शंभर किलो तिथंच कमी. चाकांमागं उसाचं पाचट भरलं आणि मग ओढलं. पैसे घेतले नाहीत. "रस्त्याकडं तोंड करून लावायची होती की," एवढंच म्हणाला. तेव्हापासून गाडीचं तोंड नेहमी बाहेरच्या दिशेला, आणि रात्री किल्ली एका ठरलेल्या खिळ्याला.

झोपायच्या आधी चाकांना लाकडी ठोकळे. फर्शीवर वाटीत पाणी ठेवून गाडी समतल आहे का बघा. सरकतं दार पूर्वेला ठेवलं तर दुपारचं ऊन पत्र्यावर येतं आणि दारात सावली राहते.

> सावधान: बंद गाडीत मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं ठेवून "दोन मिनिटांत" धबधब्यावर जाऊ नका. उन्हात पत्रा दहा मिनिटांतच तापतो.

## ८. पाण्यात उतरण्याआधीची वीस मिनिटं

गाडी लागली की पोरं कपडे काढत पळतात. तेव्हाच शिट्टी. वीस मिनिटं कुणीही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्या वेळात मोठ्यांनी पुढची कामं करायची.

पहिलं, विचारा. काठावर म्हैस धुणारा, कपडे धुणारी, देवळातला पुजारी. पर्यटकाला विचारू नका, तोही तुमच्यासारखाच. खानापूरकडं मराठी चालतं: "मामा, इथं खोल कुठनं सुरू होतंय? भोवरा हाय काय?" गोकाककडं कन्नड लागतं. "अण्णा, इल्लि आळ ऐते?" म्हणजे इथं खोल आहे का. "नीरु बिडतारेनु?" म्हणजे पाणी सोडणार आहेत का. उत्तरात "सुळी" ऐकू आलं तर तो भोवरा, "मोसळे" ऐकलं तर मगर. उरलेलं वाक्य समजलं नाही तरी चालेल, माघारी फिरा. हब्बनहट्टीला एका म्हाताऱ्या बाईनं मला सांगितलं होतं, "इथलं आभाळ बघून काय कळणार बाळा, पाणी वरनं येतंय." हवामानाची सगळी ॲप त्या वाक्यात आली.

दुसरं, खूण करा. पाण्याच्या अगदी कडेला, काठाला टेकून, एक चपटा दगड ठेवा, असा की पाणी त्याच्या बुडाला नुसतं लागावं. वीस मिनिटांनी बघा. पाणी दगडाच्या पाठीवर आलं असेल तर आज पोहणं रद्द, आणि गाडीही हलवा. तसंच राहिलं तर दगड तिथंच ठेवून एका माणसाला दर दहा मिनिटांनी तो बघायचं काम द्या. पाणी वाढायच्या आधी बऱ्याचदा रंग बदलतो: नितळ पाणी गढूळ होतं, पानं-काटक्या वाहून येतात, आवाज जड होतो. यातलं एकही दिसलं की दगडाची वाट बघू नका.

तिसरं, बाहेर पडायची जागा ठरवा. उतरायची जागा सगळे बघतात. पण वाहत गेलो तर कुठं लागू? प्रवाहाच्या दिशेनं पन्नास पावलं चालत जा. तिथं उथळ वाळू असेल तर ठीक. खडकांची घळ, पडलेलं झाड किंवा दुसरा धबधबा असेल तर जागा बाद. पडलेल्या झाडातून पाणी पलीकडं जातं, माणूस फांद्यांत अडकतो.

चौथं, काठीनं खोली. पोहता येणाऱ्या एका माणसानं, जॅकेट घालून, कमरेला दोर बांधून नव्हे तर हातात दोर धरून, पुढं काठी टेकत चालायचं. वाहत्या पाण्यात कमरेचा दोर ताणला गेला की तो माणसाला पाण्याखाली दाबतो. हातातला सोडता येतो.

## ९. पाण्यात

धारेखाली जाऊन बसायचा मोह सगळ्यांनाच होतो. धार जिथं पडते तिथलं पांढरं, फेसाळ पाणी हवेनं भरलेलं असतं. त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, आणि पडणारं पाणी त्याला फिरवून परत धारेखाली आणतं. वरून दगडही येतात. धारेपासून लांब, पाणी हिरवं आणि शांत दिसतं तिथंच.

उड्या नाहीत. कालचा डोह आज तेवढाच खोल असेलच असं नाही. एका पुरात आत ओंडका येऊन बसतो.

मुलांमागं एक मोठा, हाताच्या अंतरावर, आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. बुडणारं माणूस सिनेमासारखं ओरडत नाही. तोंड वर करून, गप्प, हात पाण्यावर दाबत राहतं. शांत झालेलं पोर म्हणजे खेळणारं पोर नव्हे. बिअर प्यायलेला माणूस काठावरचा दगड बघायच्या कामालाही नको.

## १०. कुणी वाहायला लागलं तर

क्रम पाठ करा: ओरडा, काठी पुढं करा, दोर किंवा कॅन फेका. मागोमाग उडी मारू नका. आपल्याकडं एकाच घरातले दोन-तीन जण एका दुपारी जातात ते याच उडीनं.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं यातलं काही नको. पाठीवर झोपवा, मान किंचित मागं, नाक दाबून तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, असं मदत येईपर्यंत. १०८ किंवा ११२. रेंज नसेल तर एकाला गाडी घेऊन रेंजमध्ये पाठवा, बाकीचे थांबू नका. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी नाकातोंडात पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. फुप्फुसं काही तासांनी त्रास देऊ शकतात.

## ११. निघताना आणि घरी आल्यावर

भांड्यांचं पाणी नदीपासून लांब, मातीत. संडासाची टाकी ओढ्यात तर नाहीच, शेतातही नाही. मुक्कामाच्या जागी सेप्टिक टँकमध्ये रिकामी करून मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारायचं, निघताना नाही.

दर संध्याकाळी अंग तपासा: काखा, जांघा, कानामागं, मुलांचे केस. जळू दिसते, गोचीड दिसत नाही. शेजारी गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडतापाच्या साथी आल्यात. तो गोचिडींमुळे होतो, मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यात. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, काडी लावायची नाही.

घरी आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण उघडं ठेवून वाळवा. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, अंग मोडून आलं, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "नदीत उतरलो होतो, जंगलात फिरलो होतो." उंदीरताप (लेप्टो, दूषित पाण्यातून होतो) आणि माकडताप दोन्ही सुरुवातीला साध्या तापासारखेच दिसतात, आणि तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टर आधी डेंग्यूच शोधत बसतील.